दोन्ही भांड्यांत दोन थेंब

"यातली एक जरी मेली, तर पुन्हा इथंच यायला लागंल बघ," तस्लीम म्हणाली आणि चहाची गाळणी तिनं परत हौदात बुडवली.

जिनिंग मिलच्या मागच्या बाजूला तो पडका हौद होता. त्यात सरकी कुजलेली असे, पाण्यावर हिरवट साय असे आणि सायीखाली डासांच्या अळ्या. गाळणी वर आली की जाळीवर त्यांचा एक करडा गोळा वळवळत असे. मी श्रीखंडाचा रिकामा डबा धरून उभी होते. गोळा डब्यात पडला की मान फिरवत होते.

"इकडं बघ की. अर्ध्या तुझ्या हातावर पडायल्यात."

"तू टाक. मी धरलंय."

"शास्त्रज्ञ व्हायचंय आणि अळीला भेतीस. अळी काय चावती का? तिची आई चावती."

मला हसू आलं, डबा हलला आणि थोडं पाणी माझ्या परकरावर सांडलं. त्यातल्या दोन अळ्या कापडावर उड्या मारत राहिल्या. तस्लीमनं त्या चिमटीत धरून अलगद डब्यात सोडल्या, फुलं वेचावीत तशा.

आम्ही दोघी नववीत होतो, रत्न तुकडीत. लातूरच्या पुढच्या आमच्या तालुक्याच्या गावात एका शाळेनं ही तुकडी काढली होती. आजूबाजूच्या गावांतली हुशार मुलं परीक्षा घेऊन निवडायची, वेगळ्या इमारतीत बसवायची आणि त्यांना विज्ञान वेगळ्या पद्धतीनं शिकवायचं. पाटीवर नाव 'विज्ञानरत्न तुकडी' असं होतं, गावानं त्याचं नुसतं रत्न केलं. किराणा दुकानात, बसस्टँडवर कुणीही विचारी, "काय, रत्न का तुम्ही?" त्यात निम्मं कौतुक असे आणि निम्मा टोमणा.

तुकडीचे प्रमुख देवणीकर सर. ते जीवशास्त्र शिकवत आणि चांगलं शिकवत, हे मी आजही नाकारत नाही. प्रयोग म्हणजे काय, हे मला त्यांनी शिकवलं. दोन भांडी घ्यायची. एकात ज्याची परीक्षा करायची ते घालायचं, दुसऱ्यात नाही. त्या दुसऱ्याला कंट्रोल म्हणायचं. "दोन्ही भांड्यांत फरक एकच," सर म्हणत. "बाकी सगळं सारखं. पाणी सारखं, ऊन सारखं, एकाला चमच्यानं ढवळलं तर दुसऱ्यालाही ढवळा. दोन फरक झाले की प्रयोग गेला गटारात." हे वाक्य आमच्याकडून ते पाढ्यासारखं म्हणवून घेत.

त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या तुकडीतला शिरीष नळेगावकर. त्याचा फोटो जिन्याच्या वळणावर होता. हाफ चड्डीतला मुलगा, हातात ढाल, मागे दिल्लीतली कुठली तरी इमारत. दहावीत असताना त्यानं गाजरगवताचा अर्क काढून त्यात डासांच्या अळ्या मारून दाखवल्या होत्या आणि देशपातळीवर पहिलं बक्षीस आणलं होतं. ज्या तणानं सगळ्यांची शेतं खाल्ली आणि हातापायांना खाज आणली, त्याचा उपयोग आमच्या गावच्या पोरानं शोधला. आता तो डॉक्टर नळेगावकर होता, पुण्यात त्याची वनौषधींची कंपनी होती आणि त्या वर्षीच्या माजी विद्यार्थी मेळाव्याला तो प्रमुख पाहुणा म्हणून येणार होता. त्याचा तो प्रयोग सर मेळाव्यात अधूनमधून मुलांकडून करून घेत, या वर्षी तर त्याच्याच समोर तो व्यासपीठावर करून दाखवायचं त्यांनी ठरवलं. करायला त्यांनी आम्हा दोघींना निवडलं.

निवड म्हणजे काय ते आम्हाला कळत होतं. त्याच मेळाव्याच्या शेवटी दहावीच्या रत्न तुकडीची नावं वाचून दाखवत. नववीतल्या काहींना गाळून साध्या तुकडीत पाठवत, मेळाव्यानंतरच्या सोमवारपासूनच. रत्नातून दहावी झालं की लातूरच्या कॉलेजात विज्ञानाची जागा आणि वसतिगृह शाळाच बघून देई. आमच्या गावात अकरावीला विज्ञान नव्हतं. माझे बाबा एसटीत कंट्रोलर होते, या तुकडीसाठी त्यांनी अहमदपूर डेपोतून बदली मागून घेतली होती. तरी माझं कसंही झालं असतं, बाबांनी मला लातूरला ठेवलं असतं. तस्लीमचं तसं नव्हतं. तिच्या मोठ्या भावानं घरात सांगून ठेवलं होतं, "शाळेनं पाठवलं तर जा. आपण पाठवायचं नाही."

आम्ही प्रयोग आधी करून पाहिला. गाजरगवत ठेचून दोन दिवस पाण्यात भिजत घातलं. त्याला असा वास सुटला की प्रयोगशाळेत बाकीच्या पोरांनी नाकाला रुमाल बांधले. माझी मनगटं लाल होऊन सुजली. गाळलेला अर्क एका भांड्यात घातला, दुसऱ्यात साधं पाणी. अळ्या सोडल्या. मी अर्काचं भांडं काचकांडीनं ढवळलं आणि कांडी ठेवून दिली.

"दुसरं कोण ढवळणार?" तस्लीम म्हणाली. "बाप कंट्रोलर आणि पोरीला कंट्रोल कळंना."

तिनं कांडी धुतली, पुसली आणि साधं पाणीही तेवढंच ढवळलं.

अळ्या मेल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत मेल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. अर्क दाट केला, तरी नाहीत.

"उलट बाळसं धरलंय," भांड्याला नाक लावून तस्लीम म्हणाली. "अर्क मानवलाय त्यांना."

आम्ही सरांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"प्रयोग फसत नसतो, बेटा. करणारा फसतो. पुन्हा करा."

पुन्हा केला. पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे. मेळाव्याच्या दिवशी अर्क मी स्वतः बघतो."

आम्हाला वाटलं, आपल्या हातून काही तरी राहत होतं आणि सर ते आता नीट करणार आहेत.

मेळाव्याच्या सकाळी शाळेच्या पटांगणात मांडव होता. व्यासपीठावर पांढऱ्या चादरीचं टेबल, त्यावर दोन काचेची मोठी भांडी. डावीकडे साधं पाणी, उजवीकडे गाजरगवताचा अर्क, पालकाच्या सारासारखा हिरवा. मला सरांनी पाहुण्यांच्या छातीला बिल्ले लावायला फाटकावर उभं केलं होतं. भांड्यांची तयारी तस्लीमनं केली. मी परत आले तेव्हा ती हात धुऊन, वेणी पुढे घेऊन, टेबलाशी तयार उभी होती.

"झालं सगळं?"

"झालं. सरांनी स्टॅबिलायझर का काय ते दिलं होतं, ते पण टाकलं. सोड आता अळ्या."

मी श्रीखंडाच्या डब्यातून अळ्या सोडल्या, दोन्हीकडे सारख्या. टाळ्या पडल्या. सरांनी माइकवर सांगितलं की सत्कार आणि भाषणं होईपर्यंत या अळ्यांकडे लक्ष ठेवा. मग त्यांनी आम्हाला तिथंच उभं राहायला सांगितलं, एकेका भांड्यामागे एकीला. माझ्याकडे साधं पाणी आलं.

सत्कार सुरू झाले. एक एक नाव पुकारलं जाई, त्यामागोमाग त्याचं यश. कुणी अमेरिकेत हृदयाचा डॉक्टर, कुणी धरणावर इंजिनिअर, कुणी सैन्यात, कुणी विद्यापीठात. शाल, नारळ, टाळी. बायका मुलांना मांडीवर घेऊन ऐकत होत्या. माझे बाबा चौथ्या रांगेत होते, ड्युटीचा खाकी शर्ट घालूनच आले होते आणि प्रत्येक नावाला सगळ्यांच्या आधी टाळी वाजवत होते.

मी भांड्याकडे बघत होते, कारण मला तेच सांगितलं होतं. डासाची अळी पाण्याखाली राहते, पण श्वास घ्यायला वर येते. शेपटीकडे एक बारीक नळी असते, ती पाण्याबाहेर काढून उलटी लटकते, मग खाली जाते, मग पुन्हा वर. दोन आठवडे मी तेवढंच पाहिलं होतं. आता त्या वर येत होत्या, पण टिकत नव्हत्या. वर येऊन घसरल्यासारख्या खाली जात, लगेच पुन्हा वर. एक अळी स्वतःभोवती वळसा घेऊन आपली नळीच तोंडानं चावू लागली. पाणी साधं होतं. त्यात काही नव्हतं.

मांडवाच्या कापडाला एक फट होती. तिच्यातून उन्हाची तिरीप आली आणि भांड्यावर पडली. पाण्याच्या पृष्ठभागावर रंग हलले. जांभळा, हिरवा, तांबूस. बसस्टँडवर गाडीखालच्या डबक्यात दिसतात तसे. मी किंचित वाकले आणि मला वास आला.

माइकवर कुणी तरी यशाचं रहस्य सांगत होतं. माझ्यासमोर अळ्या गुदमरत होत्या. एक एक करून त्या सरळ झाल्या आणि बुडाशी जाऊन पडल्या, केस कापल्यावर जमिनीवर पडतात तशा. मी तस्लीमकडे पाहिलं. तिचं लक्ष तिच्या हिरव्या भांड्याकडे होतं आणि ती आनंदात होती. तिच्याही मरत होत्या.

भाषणं संपली. सर माइक घेऊन टेबलाशी आले. "आता आपली नवी रत्नं निरीक्षण सांगतील. ललिता बिरादार."

मी माइक घेतला. मी मोठ्यानं बोलणारी मुलगी नव्हते. जे दिसत होतं तेवढंच मला सांगायचं होतं.

"अर्कातल्या सगळ्या अळ्या मेल्या," मी म्हणाले. टाळ्यांना सुरुवात झाली. "साध्या पाण्यातल्याही सगळ्या मेल्या."

टाळ्या मधेच अडखळल्या. सरांनी माइकसाठी हात पुढे केला. पण त्यांच्या आधी डॉक्टर नळेगावकर खुर्चीतून उठले. ते उंच होते, अंगावर शाल तशीच होती. टेबलाशी येऊन ते वाकले, माझ्या भांड्यात त्यांनी उजव्या हाताचं एक बोट बुडवलं, बोट नाकाजवळ नेलं, आणि एक क्षण सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग माइक माझ्या हातातून अगदी हळूच काढून घेतला.

"मित्रांनो, ही मुलगी काय म्हणाली ते ऐकलंत तुम्ही? दुसरी कुणी असती तर घाबरून गप्प बसली असती. हिनं जे दिसलं ते सांगितलं. याला निरीक्षण म्हणतात." टाळ्या. "आता विचार करा. साध्या पाण्यातल्या का मेल्या? या भांड्याच्या शेजारी काय आहे? अर्क. मधे अंतर किती? वीतभर. अर्काची वाफ. नुसती वाफ. माझ्या वेळी आम्ही भांडी लांब लांब ठेवली होती, म्हणून मला हे कधी दिसलंच नाही. आज माझ्या या धाकट्या बहिणीनं माझ्या पुढचं पाऊल टाकलंय."

मांडव उठून उभा राहिला. मी पहिल्या रांगेकडे पाहत होते. तिथं डॉक्टर होते, इंजिनिअर होते, विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणारे एक गृहस्थ होते. शाली सावरत सगळे टाळ्या वाजवत होते. दोन फरक झाले की प्रयोग गेला, हे त्या सगळ्यांनी याच शाळेत पाढ्यासारखं म्हटलं होतं. एकानंही हात वर केला नाही. चौथ्या रांगेत माझ्या बाबांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले.

जेवणाआधी सरांनी आम्हा दोघींना प्रयोगशाळेत बोलावलं. डॉक्टर तिथं स्टुलावर चहा पीत बसले होते. सरांनी दार लावून घेतलं.

"साध्या पाण्यात कुणी टाकलं?"

"काय, सर?"

"बाटलीतलं."

"मी," तस्लीम म्हणाली. "दोन्हीत दोन दोन थेंब."

"मी अर्कासाठी दिलं होतं."

"तुम्ही म्हणालात, स्टॅबिलायझर हाय, दोन थेंब टाक."

"मग साध्या पाण्यात कशाला?"

तस्लीमनं माझ्याकडे पाहिलं. प्रश्न सोपा होता आणि सर तो का विचारतायत, हे तिला समजत नव्हतं.

"वास रॉकेलचा होता, सर. म्हणलं, औषध रॉकेलात विरघळवलं असंल. मग रॉकेल एकाच भांड्यात गेलं, तर अळ्या अर्कानं मेल्या का रॉकेलनं, ते कसं कळायचं? फरक एकच ठेवायचा, असं तुम्हीच सांगितलंय."

डॉक्टर नळेगावकर हसू लागले. खोटं हसू नव्हतं ते, कप बशीवर वाजेपर्यंत हसले.

"सर, पोरीनं चांगलीच गोची केली तुमची. तुमच्याच मंत्रानं."

सरही मग ओशाळं हसले. "इतकी वर्षं कुणी असं केलं नव्हतं."

"आणि रॉकेल कधीपासून? आमच्या वेळी एरंडेल होतं."

"एरंडेल जड पडतं. पसरायला वेळ घेतं. भाषणं हल्ली लहान झाली."

"पण रॉकेलला वास फार."

"अर्काच्या वासात जातो की."

भाजी करडईच्या तेलात करावी की शेंगदाण्याच्या, असं दोन सुगरणींनी बोलावं तसं ते बोलत होते. तस्लीम एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. माझ्या मनगटांवरची खाज एकदम वाढल्यासारखी झाली.

"म्हणजे अर्कानं अळ्या मरत नाहीत?" मी विचारलं.

"गाजरगवतानं फक्त खाज सुटते, बेटा," डॉक्टर म्हणाले. "ते तुला तुझ्या हातांनी सांगितलंच असेल."

"मग दिल्लीला?"

"दिल्लीला सरांची बाटली माझ्या खिशात होती." त्यांनी चहा संपवला. "असं तोंड करू नकोस. त्या ढालीवर मला कॉलेज मिळालं, शिष्यवृत्ती मिळाली. पुढे मी खरं काम केलंच ना? सुरुवातीला कुणी तरी हात द्यावा लागतो. आज मी तुला दिला." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इतके दिवस तू नुसती निवडलेली होतीस. आता खरी रत्न तुकडीची झालीस."

"आणि मी?" तस्लीमनं विचारलं.

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं. सर सुपारीची डबी शोधत होते.

"तुझं बरोबर होतं," डॉक्टर तिला म्हणाले. "तेच तर अवघड आहे."

जेवणं झाल्यावर नावं वाचली. पहिलं नाव माझं होतं. सरांनी जाहीर केलं की वाफेच्या परिणामाचा हा नवा निष्कर्ष घेऊन मी राष्ट्रीय विज्ञान मेळाव्याला जाणार आहे. मला व्यासपीठावर बोलावलं. पेढ्यांचं ताट आलं. आमच्याकडे सत्काराला पेढा हातात देत नाहीत, भरवतात. डॉक्टर नळेगावकरांनी पेढा उचलला आणि फोटोवाल्याकडे बघत माझ्या तोंडात घातला.

त्याला रॉकेलची चव होती.

बोट त्यांनी रुमालाला पुसलं असेल, जेवताना हातही धुतले असतील. पण रॉकेल तसं जात नाही. खवा, साखर, वेलची आणि त्यावर तो तेलकट उग्र वास. मी तोंड मिटून उभी राहिले. फोटो निघाला. पुढची नावं चालू होती, पेढा जिभेखाली विरघळत होता आणि लाळ सुटत होती. शेवटचं नाव वाचून झालं. तस्लीम अत्तार हे नाव त्यात आलं नाही. ती मांडवाच्या खांबाशी उभी होती. सगळ्यांबरोबर ती टाळ्या वाजवत होती, कारण तिच्या आजूबाजूला सगळे वाजवत होते.

मी व्यासपीठामागे जाऊन पेढा थुंकले. मग जे पोटात होतं तेही आलं. तोंड पुसत होते तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले.

"ऊन लागलं का?"

"तस्लीमचं नाव राहिलं, सर."

"राहिलं नाही."

"तिनं काय चूक केली?"

मला वाटतं, सरांनी मला त्या दिवशी दिलेलं ते एकमेव खरं उत्तर होतं.

"चूक केली असती तर सुधारली असती."

"मग माझंही नाव काढा."

"तुझं वर्तमानपत्राला गेलं, बेटा. उद्या छापून येईल. घरी जा, लिंबूपाणी घे."

बाबांच्या सायकलवर मागे बसून मी घरी निघाले. हँडलला पेढ्यांचा पुडा लटकत होता. वाटेत ओळखीचं कुणी दिसलं की बाबा ब्रेक दाबत, पुडा सोडत आणि सांगत. शेवटी रस्ता मोकळा लागल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. बाटली, रॉकेल, एरंडेल. साध्या तुकडीत जायचंय, हेही सांगितलं.

"डेपोत पण डबक्यात रॉकेलच टाकत्यात," ते म्हणाले. "त्याला दिल्लीचं बक्षीस मिळतंय हे म्हाईत नव्हतं."

मला वाटलं, त्यांना पटलं. पण घराच्या कोपऱ्यावर ते खाली उतरले आणि सायकल धरून माझ्याकडे न बघता बोलू लागले.

"हे बघ, ललू. सुटलेल्या गाडीतून उडी मारायची नसती. एक वर्ष गप बस. एकदा लातूरला गेलीस की हे कोण आणि ते कोण. त्या पोरीचं वाईट झालं, मला पण वाटायलंय. पण तू उतरून तिला गाडी मिळणार हाय का?"

"नाही."

"मग?"

मी एवढंच म्हणाले की राष्ट्रीय मेळाव्याला मी गेले, तर तिथं पुन्हा तेच सांगावं लागेल, आणि ते माझ्या तोंडातून निघणार नाही. जेवायला बसले तेव्हाही मला तोंडात घास ठेवता आला नाही. आईला वाटलं, ताप आहे. बाबा मात्र ताटावरून माझ्याकडे बघत राहिले. शनिवारी त्यांनी तुकडी बदलायच्या अर्जावर सही केली, आणि पुढचा आठवडाभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

तो निष्कर्ष घेऊन जायला सरांनी दुसरं कुणी शोधलं. मुलगा गेला, ढाल आली. शाळेच्या पुस्तिकेत माजी विद्यार्थ्यांच्या यशाचं एक पान असतं. त्यावर 'वाफेच्या परिणामाची पहिली नोंद' म्हणून माझं नाव अजून छापतात, खाली माझ्या आत्ताच्या हुद्द्यासकट. मी कीटकांवर काम करते. ते नाव काढा म्हणून मी दोनदा कळवलं. आभाराचं उत्तर येतं आणि सत्काराची तारीख विचारतात. तस्लीमचं नाव त्या पानावर नाही. ती आमच्या गावातच बी. ए. झाली, कारण गावात तेवढंच होतं.

अर्जावर सही झाली त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी साध्या तुकडीच्या वर्गात गेले. खोली पटांगणाच्या टोकाला होती, पत्र्याची. तस्लीम खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसली होती. मला बघून तिनं दप्तर सरकवलं नाही.

"तू कशाला आलीस?"

"नाव काढून घेतलं."

"त्यानं माझं लागलं का?"

"नाही."

"मग येडी हायस का तू? लातूर सोडून इथं?"

"मला तिथं वास यायलाय."

तिनं माझ्याकडे बघितलं. रडून तिचे डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"इथं पण येतो," ती म्हणाली. "खिडकीखाली मुतारी हाय."

आणि तिनं दप्तर उचलून मांडीवर घेतलं.